जुन्या इंग्रजी डिक्शनरीतलं झाड, प्राणी किंवा दगड आज नेमका कोणता? शोधायची पूर्ण पद्धत

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक हातात घेतलं, मग ते मुंबई इलाख्याचं गॅझेटियर असो, कुठल्या साहेबाच्या शिकारीच्या आठवणी असोत नाहीतर अमेरिकेतल्या शेतावरची कादंबरी, की दर दोन-चार पानांमागे एखादं झाड किंवा पक्षी असा येतो जो आजच्या डिक्शनरीत एक तर मिळत नाही किंवा मिळतो तो भलताच असतो. मग बरेच जण मोबाईलवर शब्द टाकतात, जे पहिलं मराठी नाव दिसेल ते उचलतात आणि पुढे जातात. भाषांतर करणारे, शाळेत शिकवणारे, निसर्गावर लिहिणारे, सगळ्यांनाच हे कधी ना कधी लागतं म्हणून पद्धत सविस्तर लिहितोय.

मुख्य नियम एकच आहे. इंग्रजी नावावरून थेट मराठी नावावर उडी मारायची नाही. मध्ये शास्त्रीय नावाचा थांबा घ्यायचाच, आणि जुन्या डिक्शनरीतलं शास्त्रीय नावही जुनंच असतं, त्यामुळे ते आजच्या नावाशी जुळवून मगच मराठीकडे यायचं. बाकी सगळं खाली आहे ते हे नीट कसं करायचं एवढंच.

पायरी १ : डिक्शनरी कुठल्या सालची ते आधी बघा

हे सगळ्यात महत्त्वाचं. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींची दोन शब्दी नावं १७५३ मध्ये पक्की केली आणि प्राण्यांची १७५८ मध्ये, आणि सॅम्युअल जॉन्सनची डिक्शनरी आली १७५५ मध्ये, म्हणजे बरोब्बर ह्या दोघांच्या मध्ये. त्यामुळे जॉन्सनमध्ये तुम्हाला आजच्यासारखं दोन शब्दी शास्त्रीय नाव मिळणार नाही, मिळेल ते वर्णन. झाडांच्या बाबतीत ते वर्णन पुष्कळदा फिलिप मिलर ह्या बागकाम-तज्ज्ञाच्या कोशातून घेतलेलं असतं आणि खाली 'मिलर' असं लिहिलेलं असतं. ते दिसलं की मिलरचा कोश उघडायचा, तिथे जास्त तपशील मिळतो. प्राण्यांच्या बाबतीत मात्र जॉन्सनवर फार विसंबू नका. टॅरंटुला म्हणजे असा कीटक ज्याचा दंश फक्त संगीतानेच बरा होतो, असं तिथे सरळ अर्थ म्हणून दिलंय. तेव्हा युरोपात ही समजूत होती, त्यामुळे १८व्या शतकातला वाचक ह्या शब्दाने काय समजायचा हे कळायला ती नोंद अनमोल आहे, पण कोळ्याबद्दलची माहिती म्हणून ती घ्यायची नाही. आणि हेही लक्षात घ्या की कोळी तिथे कीटकांतच धरलाय, कारण तेव्हा तो शब्द असाच सैल होता.

जॉन्सनचं मूळ पुस्तक स्कॅनमध्ये बघत असाल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, तिथे आय आणि जे ही अक्षरं एकत्रच लावलीयत आणि यू-व्ही पण एकत्र, त्यामुळे जॅकल शोधायला जेच्या पानावर जाल तर तसं वेगळं पानच नाही. दुसरं म्हणजे लांब एस, जो एफसारखा दिसतो, स्कॅनवरून केलेल्या टेक्स्टमध्ये तो एफ म्हणूनच आलेला असतो, सर्च करताना दोन्ही स्पेलिंग टाकून बघायची.

रोजच्या वापराला माझी पसंती १९१३ च्या वेबस्टरला. नोहा वेबस्टरची पहिली मोठी डिक्शनरी १८२८ ची, तो १८४३ मध्ये गेला, मग मेरियम बंधूंनी हक्क घेतले, १८६४ आणि १८९० ला मोठ्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, आणि १९१३ ची आवृत्ती म्हणजे मुख्यतः १८९० चाच मजकूर अधिक नव्या शब्दांची पुरवणी. १८९० साठी निसर्गविज्ञानाच्या व्याख्या येल विद्यापीठाच्या ॲडिसन व्हेरिल ह्या प्राणिशास्त्रज्ञाने तपासल्या होत्या, म्हणून प्राण्यांच्या नोंदी एवढ्या भरघोस आहेत. कॉपीराइट संपलाय, पूर्ण टेक्स्ट फुकट मिळतं, ऑफलाइन ॲपमध्येही टाकता येतं. फक्त तिच्या टेक्स्टवरून पुढे एक वाढवलेली इंटरनेट आवृत्ती झालीय, जीसीआयडीई नावाची, त्यात मूळ नोंदींमध्ये नंतरच्या वर्डनेट ह्या संगणकी शब्दकोशाचे अर्थ मिसळलेत. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी चौकटी कंसात तो कुठून आला ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय 'हे १९१३ मध्ये असं होतं' म्हणू नका.

प्राणी, पक्षी ह्यांच्यासाठी वेबस्टर पुरला नाही तर सेंच्युरी डिक्शनरी, १८८९ ते १८९१. तिथलं प्राणिशास्त्र एलियट कूज ह्या पक्षितज्ज्ञाने लिहिलंय, चित्रं बरीचशी अर्नेस्ट थॉम्पसन सेटनची आहेत. माझ्या मते जुन्या इंग्रजी प्राणिनामांसाठी एवढा चांगला सामान्य कोश दुसरा नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ ते १९२८ असा तुकड्या-तुकड्यांनी आला, तो शब्द कधीपासून कसा वापरला त्यासाठी, शास्त्रीय नावासाठी तो पहिला उघडायची गरज नाही. आणि मजकूर ब्रिटिश हिंदुस्थानातला असेल तर यूल आणि बर्नेलचा हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांचा कोश, १८८६ चा, दुसरी आवृत्ती १९०३ ची, हा शेजारी पाहिजेच.

शेजारी का पाहिजे त्याचं उदाहरण. पॅडी बर्ड हा शब्द घ्या. वेबस्टरमध्ये तो तुम्हाला जावा स्पॅरोकडे पाठवतो, म्हणजे भात खाणारा चिमणीएवढा पक्षी. हॉब्सन-जॉब्सनमध्ये पॅडी बर्ड म्हणजे बगळ्याच्या जातीतला पक्षी, भातखाचरात उभा असतो तो, आपल्याकडची ढोकरी. दोन्ही कोश आपापल्या जागी बरोबर आहेत. पुण्याच्या कलेक्टरने लिहिलेल्या मजकुरात ढोकरी घ्यायची, जाव्याच्या प्रवासवर्णनात दुसरा पक्षी.

पायरी २ : नोंदीतल्या खुणा वाचायला शिका

वेबस्टरच्या टेक्स्टमध्ये मूळ शब्दातच आघाताची आणि अवयव तोडायची चिन्हं घातलेली असतात, अवतरणचिन्हासारखं एक आणि तारा एक, त्यामुळे शब्द जसाच्या तसा सर्च केला तर कधीकधी सापडत नाही. शब्दाआधी दोन उभ्या रेघा असतील तर तो परका शब्द, इंग्रजीत पूर्ण मुरलेला नाही असं संपादकांचं म्हणणं.

मग गोल कंसातलं लेबल. बॉट. म्हणजे वनस्पती, झूऑल. म्हणजे प्राणी, त्यात पक्षी-मासे-किडे सगळे आले, मिन. म्हणजे खनिज, जिऑल. म्हणजे भूशास्त्र, पॅलिऑन. म्हणजे जीवाश्म, केम. आणि फार्म. म्हणजे रसायन आणि औषध. हे लेबल पहिलं वाचा, कारण एकाच शब्दाखाली दोन-तीन लेबलं असतात. प्लंबॅगो बघा, खनिजाच्या लेबलाखाली तो ग्रॅफाइट आहे, पेन्सिलीतला, आणि वनस्पतीच्या लेबलाखाली ती चित्रकाची जात आहे. इकन्यूमॉन एकदा मुंगसाच्या कुळातला प्राणी आहे आणि एकदा दुसऱ्या किड्यांच्या अळ्यांवर अंडी घालणारी माशी. जुन्या औषधाच्या पुस्तकात प्लंबॅगो आला तर संदर्भ बघितल्याशिवाय काहीही लिहू नका.

चौकटी कंसातली लेबलं वेगळी. ऑब्स. म्हणजे हा अर्थ तेव्हाच मेलेला होता, आर. म्हणजे क्वचित वापरातला, प्रॉव्ह. इंग. म्हणजे इंग्लंडच्या ग्रामीण बोलीतला, लोकल यू. एस. म्हणजे अमेरिकेच्या एखाद्या भागातला. हे मेलेले अर्थ सोडून देऊ नका, जुन्या मजकुरात तेच लागतात. डिअर म्हणजे पूर्वी कुठलाही जंगली प्राणी, वर्म म्हणजे साप आणि अजगरसुद्धा, ॲपल म्हणजे कितीतरी जागी नुसतं फळ. फिश तर पाण्यात राहणारं काहीही.

अजून एक, जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'कॉल्ड ऑल्सो' करून दुसरी नावं दिलेली असतात. ती सगळी लिहून घ्या. तुमच्या पुस्तकातलं नाव कोशात नसेल तर बऱ्याचदा ते दुसऱ्याच कुठल्या तरी नोंदीच्या शेपटीत ह्या यादीत असतं, म्हणून सर्च करताना फक्त मूळ शब्दांत नाही, पूर्ण टेक्स्टमध्ये करायचा. ही एक सवय लावली तरी निम्मे न सापडणारे शब्द सापडतात असा माझा अनुभव आहे.

पायरी ३ : अ, ब, क मधला कुठला, ते प्रदेशावरून ठरवा

बहुतेक घोळ इथे होतो, म्हणून इथे थांबून विचार करा.

सायकमोर बघा. वेबस्टरमध्ये त्याखाली अ, ब, क अशी तीन झाडं आहेत. एक म्हणजे इजिप्त आणि सीरियातलं अंजिराच्या जातीचं झाड, फायकस सायकोमोरस, बायबलात येतं ते हे. दुसरं अमेरिकेतलं बटनवूड, प्लॅटॅनस ऑक्सिडेंटॅलिस. तिसरं युरोपातलं मेपल, एसर स्यूडोप्लॅटॅनस. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बायबलची गोष्ट मराठीत सांगताना उंबराच्या जवळचं झाड म्हटलं तर चालेल, ते खरंच उंबराच्याच प्रजातीतलं आहे (प्रजाती म्हणजे इथे जीनस, शास्त्रीय नावातला पहिला शब्द), पण तेच इंग्लंडमधल्या गावाच्या वर्णनात उंबर लिहिलंत तर सगळं चित्रच बदललं.

हेमलॉक तर धोक्याचा शब्द. ब्रिटनमध्ये हेमलॉक म्हणजे कोनियम मॅक्युलॅटम, कोथिंबिरीच्या कुळातलं अतिशय विषारी झुडूप, सॉक्रेटिसला दिलं ते. अमेरिकेत हेमलॉक म्हणजे सूचिपर्णी मोठा वृक्ष, आज त्याची प्रजाती त्सुगा. अमेरिकन कथेत कोणी हेमलॉकच्या फांद्यांचं अंथरूण केलं तर तिथे विषाचा काही संबंध नाही.

एल्क. युरोपात एल्क म्हणजे अल्सेस अल्सेस, ज्याला अमेरिकेत मूस म्हणतात, आणि अमेरिकेत एल्क म्हणजे वापिती, सर्व्हस कॅनडेन्सिस, आपल्या सांबराच्या जवळचा. रॉबिन इंग्लंडमध्ये छोटासा, छाती तांबडी-केशरी, अमेरिकेत रॉबिन म्हणजे कस्तुराच्या कुळातला त्याहून बराच मोठा पक्षी, टर्डस मायग्रेटोरियस, तिथे गेलेल्या इंग्रज लोकांनी पोटाच्या रंगावरून तेच नाव दिलं, आणि इंडियन रॉबिन म्हणजे आपला चिरक, तो तिसराच. बफेलो अमेरिकेत बायसन.

आणि कॉर्न. इंग्लंडमध्ये कॉर्न म्हणजे धान्य, बहुधा गहू, अमेरिकेत मका. ब्रिटनमधले १८१५ ते १८४६ चे कॉर्न लॉज हे धान्याच्या आयातीवरचे कायदे होते, 'मक्याचे कायदे' असं भाषांतर केलं तर इतिहासच चुकतो. इथे शास्त्रीय नाव शोधायचीही गरज नाही, लेखक कुठला आणि काळ कुठला एवढं बघितलं की झालं.

प्रदेशाची नावंही तपासून घ्या. 'ईस्ट इंडीज' म्हणजे हिंदुस्थानापासून इंडोनेशियापर्यंत काहीही. 'इंडियन' म्हणजे आपल्याकडचं किंवा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांशी जोडलेलं, इंडियन कॉर्न म्हणजे मकाच. 'बॉम्बे' आणि 'मलबार' ही पुष्कळदा व्यापाराच्या बंदराची नावं म्हणून चिकटलेली असतात, तिथेच उगवतं असा अर्थ काढू नका.

पायरी ४ : शास्त्रीय नाव धुऊन-पुसून घ्या

सर्च करण्याआधी जुनं नाव आजच्या पद्धतीत लिहावं लागतं. जोडअक्षरं सोडवायची, म्हणजे ए-ई जोडून छापलेलं असेल तर दोन वेगळी अक्षरं लिहायची. अक्षरावरचे दोन ठिपके काढायचे. प्रजातीचं पहिलं अक्षर कॅपिटल राहतं पण दुसरा शब्द आता कायम लहान अक्षराने, जुन्या कोशात सेड्रस देवदारा, फायकस सायकोमोरस ह्यात दुसरा शब्दही कॅपिटल असतो कारण तो मुळात स्वतंत्र नाव किंवा माणसाचं नाव असायचा. प्राण्यांच्या नावातली मधली छोटी रेघ साधारणपणे काढून टाकायची. प्रजातीचं एकच अक्षर आणि टिंब दिलं असेल तर त्याच नोंदीत मागे पूर्ण नाव असतं, नसेल तर ज्या शब्दाकडे पाठवलंय तिथे जायचं.

छपाईच्या चुकाही असतात. शब्द मिळाला नाही तर एखादं अक्षर गळलंय का ते बघा, अशी एक चूक पुढे बोंबलाच्या उदाहरणात येईल.

पायरी ५ : जुनं नाव आजच्या नावाशी जुळवा

वनस्पतींसाठी क्यू गार्डनची प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन ही साइट, माशांसाठी फिशबेस, सापा-सरड्यांसाठी रेप्टाइल डेटाबेस, पक्ष्यांसाठी एव्हीबेस, बाकी प्राण्यांसाठी कॅटलॉग ऑफ लाइफ किंवा जीबीआयएफ. खनिजांसाठी माइंडॅट. जुनं नाव टाकलं की साइट सांगते हे सिनोनिम आहे, म्हणजे त्याच जातीचं दुसरं, आता न चालणारं नाव, आणि मान्य नाव अमुक. नावाच्या शेवटी ज्याने नाव दिलं त्याचं नाव असतं, कधी वर्षही, तेही उतरवून घ्या, त्याचं कारण खाली मोहाच्या उदाहरणात कळेल.

नावं बदलतात ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं, ज्याने आधी नाव दिलं त्याचं टिकतं. आपल्या कोळसुनाची गोष्ट बघा. वेबस्टरमध्ये ढोल ह्या नोंदीत हिंदुस्थानातल्या डोंगरांतला रानटी कुत्रा, टोळीने वाघाच्याही मागे लागणारा, असं वर्णन आहे आणि प्रजाती कॅनिस दिलीय, पुढचा शब्द दख्खनवरून. हे नाव विल्यम साइक्सने १८३१ मध्ये दिलेलं, तो मुंबई इलाख्यात सरकारी कामावर होता आणि दख्खनच्या प्राणी-पक्ष्यांवर त्याने बरंच लिहिलं, त्याने मराठी लोक ह्याला कोलसून म्हणतात हेही नोंदवलं. पण त्याच्या वीस वर्षं आधी, १८११ मध्ये, पल्लास ह्या निसर्गशास्त्रज्ञाने ह्याच जातीला अल्पिनस हा शब्द दिलेला होता, त्यामुळे आज नाव क्यूऑन अल्पिनस. दख्खन नावातून गेलं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण नियम तसा आहे. पळसाचंही तसंच, जुन्या कोशांत ब्यूटिया फ्रॉन्डोसा, आज ब्यूटिया मोनोस्पर्मा, कारण लामार्कने मोनोस्पर्मा हा शब्द आधी वापरला होता, फक्त पांगाऱ्याच्या प्रजातीत टाकून.

दुसरं कारण म्हणजे मोठ्या प्रजातीचे तुकडे पडले. पूर्वी वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता सगळे फेलिस. आज वाघ-सिंह-बिबट्या पँथेरा, चित्ता असिनोनिक्स. आणि प्रजाती बदलली की दुसऱ्या शब्दाचं शेपूट लॅटिन व्याकरणाप्रमाणे बदलू शकतं, फेलिस जुबाटा होतं ते असिनोनिक्स जुबाटस झालं. म्हणून सर्च करताना शेवटची दोन-तीन अक्षरं सोडून टाकून बघा. मुंगूस जुन्या कोशांत हर्पेस्टिस ग्रिसियस, नंतर बरीच वर्षं हर्पेस्टिस एडवर्डसाय, आणि आता उर्वा एडवर्डसाय. इंग्रजीतला मंगूस हा शब्द मराठी मुंगुसावरूनच गेलेला आहे, तो मात्र टिकून आहे.

आता दोन खड्डे सांगतो, दोन्ही आपल्या रोजच्या झाडांचे, आणि दोन्हीत चुकलं तर खरंच नुकसान आहे.

मोहाचं झाड वेबस्टरमध्ये महवा ट्री म्हणून आहे, शास्त्रीय नाव बासिया लॅटिफोलिया. आज मोह म्हणजे मधुका लाँगिफोलिया. पण बासिया ही प्रजाती आजही आहे आणि ती पूर्ण वेगळीच आहे, राजगिऱ्या-चाकवताच्या कुळातली. एकच नाव दोन शास्त्रज्ञांनी दोन वेगळ्या वनस्पतींना दिलं, त्यातलं आधीचं टिकलं आणि मोहाला नवं नाव शोधावं लागलं. त्यामुळे नुसतं बासिया टाकून फोटो बघाल तर खाऱ्या जमिनीतली झुडपं दिसतील. म्हणून मी म्हणतो की नाव देणाऱ्याचं नाव उतरवून घ्या, दोन बासियांमधला फरक तिथेच कळतो.

दुसरा खड्डा कडुनिंबाचा. जुन्या कोशात मार्गोसा, शास्त्रीय नाव मेलिया अझाडिराक्टा. आज कडुनिंब म्हणजे अझाडिराक्टा इंडिका. पण मेलिया अझेडाराक हे नावही आहे, आजही मान्य आहे, आणि तो बकाणनिंब, ज्याची फळं विषारी आहेत. कानाला दोन्ही सारखी, रोमन लिपीत तर पहिली दोन अक्षरं सारखी आणि तिसऱ्यालाच गडबड, घाईत डोळा हमखास चुकतो. औषधाचा जुना मजकूर भाषांतरित करत असाल तर हे नाव अक्षर-अक्षर लावून वाचा, आणि मुळात छापलेलं स्पष्ट नसेल तर दुसऱ्या आवृत्तीचं स्कॅन काढून बघा. आणि कुठल्याही जुन्या कोशातला औषधी उपयोग वाचून घरी प्रयोग करू नका, अजिबात नाही.

पायरी ६ : गटांची जुनी नावं

कोशात 'अमुक ऑर्डरचा प्राणी' असं म्हटलं असेल तर त्या गटाचं नावच आज बाद झालेलं असू शकतं. क्वाड्रुमाना म्हणजे चार हातवाले, माकडं-वानरं, आणि माणूस एकटा बायमाना, दोन हातवाला. पॅकिडर्माटा म्हणजे जाड कातडीचे, त्यात हत्ती, गेंडा, डुक्कर आणि घोडासुद्धा. रेडियाटा, आर्टिक्युलाटा हे क्युव्हिए ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केलेल्या प्राण्यांच्या चार मोठ्या विभागांतले. ह्यांना आजचं एकेक नाव शोधत बसू नका, मिळणार नाही, कारण तो गटच मोडला. भाषांतरात जुनं नाव ठेवा आणि तळटीप द्या.

वनस्पतींचं त्यामानाने सोपं आहे. एक्सोजेन म्हणजे द्विदल, एंडोजेन म्हणजे एकदल, क्रिप्टोगॅमिया म्हणजे फुलं न येणाऱ्या, नेचे-शेवाळ-बुरशी सगळे. ट्रायअँड्रिया, हेक्सअँड्रिया असे शब्द लिनियसच्या पुंकेसर मोजायच्या पद्धतीतले, तीन पुंकेसर, सहा पुंकेसर. कुळांची नावं बदलली तरी जुनी अजून चालतात, क्रुसिफेरी म्हणजे ब्रॅसिकेसी, मोहरीचं कुळ, कंपोझिटी म्हणजे ॲस्टरेसी, झेंडू-सूर्यफुलाचं, लेग्युमिनोसी म्हणजे फॅबेसी, ग्रॅमिनी म्हणजे पोएसी, गवतांचं, अंबेलिफेरी म्हणजे एपिएसी, जिरं-ओवा-कोथिंबिरीचं. सावरीचं कुळ बॉम्बेकेसी आता भेंडी-जास्वंदीच्या मालव्हेसीत गेलंय, रुईचं ॲस्क्लेपिएडेसी करवंद-कण्हेरीच्या अपोसायनेसीत.

पायरी ७ : रसायनं, खनिजं, खडक

इथे पटकन जाता येतं. अझोट म्हणजे नायट्रोजन, म्युरिॲटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ऑइल ऑफ व्हिट्रिऑल म्हणजे सल्फ्युरिक, अक्वा फॉर्टिस म्हणजे नायट्रिक, ब्लू व्हिट्रिऑल म्हणजे मोरचूद. ग्लुसिनम म्हणजे बेरिलियम आणि कोलंबियम म्हणजे निओबियम, ही दोन नावं जागतिक पातळीवर १९४९-५० च्या सुमारास ठरली. डिडिमियम हे मूलद्रव्य समजलं जायचं, १८८५ मध्ये कळलं की ती दोन आहेत, प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम. मूलद्रव्यांच्या जुन्या याद्यांत असं नाव दिसलं की पुस्तकाचा काळही त्यावरून अंदाजे कळतो.

भूशास्त्रात लोअर सिल्युरियन म्हणजे आजचा ऑर्डोव्हिशियन, हे नाव लॅपवर्थने १८७९ मध्ये सुचवलं आणि सगळीकडे रुळायला खूप वेळ लागला. टर्शरी आता पॅलिओजीन आणि निओजीन अशा दोन भागांत. ट्रॅप म्हणजे आपला काळा पाषाण, बेसॉल्ट, शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आलाय आणि सह्याद्रीचे टप्पे बघितले की का ते कळतं. लॅटराइट म्हणजे जांभा, हे नाव फ्रान्सिस ब्युकॅननने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडावरून दिलं, लॅटिनमध्ये वीट ह्या अर्थाच्या शब्दावरून, कारण तिथे तो विटांसारखा कापून घरं बांधायला वापरायचे, जसा आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरा काढतात तसाच.

पायरी ८ : आता मराठी नाव

शास्त्रीय नाव पक्कं झालं की मगच. झाडांसाठी थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ, १९०१ ते १९०८, त्यात स्थानिक नावं दिलेली आहेत, आणि त्यातली शास्त्रीय नावं वेबस्टरच्याच काळातली असल्यामुळे पुष्कळदा जुन्या नावानेच सरळ सापडतं. सस्तन प्राण्यांसाठी ब्लॅनफर्डचा १८८८-९१ चा ग्रंथ, त्यातही देशी नावं भाषेनुसार आहेत. उलट दिशेने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा आणि दुसरी आवृत्ती १८५७ ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर सर्च करता येतो, तिथे झाडाच्या मराठी नावापुढे बऱ्याचदा लॅटिन नाव दिलेलं असतं, ते तुमच्याकडच्या नावाशी जुळतंय का बघायचं. दोन ठिकाणी जुळलं तर नाव घ्या. एकाच ठिकाणी असेल तर कंसात शास्त्रीय नाव द्या. आणि मराठी नाव कोकणातलं, देशावरचं का विदर्भातलं ते लिहा, गावागणिक नावं बदलतात हे तुम्हाला माहीतच आहे.

सगळं एकत्र करून : बमालो

जुन्या इंग्रजी पुस्तकात मुंबईच्या किनाऱ्यावर बमालो वाळत घातलेत असं येतं. वेबस्टर उघडला. लेबल झूऑल., अर्थ आशियातला समुद्री छोटा मासा, हिंदुस्थानात तोंडी लावायला खातात, कॉल्ड ऑल्सो बॉम्बे डक. म्हणजे डक म्हटलंय तरी पक्षी नाही, हे लेबल आणि वर्णन वाचल्यामुळे लगेच कळलं. शास्त्रीय नाव तिथे सॉरस ऑफिडॉन छापलंय. तसंच टाकलं तर सापडत नाही, कारण एक अक्षर गळलंय, खरं नाव सॉरस ऑफिओडॉन, क्युव्हिएने १८२९ मध्ये दिलेलं. ते फिशबेसमध्ये टाकलं की कळतं हे सिनोनिम आहे, मान्य नाव हार्पाडॉन नेहेरियस, त्यातला नेहेरियस शब्द १८२२ चा, हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात दिलेला, आधीचा म्हणून टिकलेला. हा हॅमिल्टन म्हणजे जांभ्याला नाव देणारा ब्युकॅननच, पुढे त्याने आडनाव बदललं. आणि मराठी नाव बोंबील, इंग्रजीतला बमालो हा शब्दच बहुतेक त्यावरून गेलेला.

वहीत किंवा शीटमध्ये नोंद अशी ठेवा: पुस्तकातलं नाव आणि पान, पुस्तकाचं साल आणि प्रदेश, कोश कुठला, लेबल, छापलेलं शास्त्रीय नाव जसंच्या तसं चुकीसकट, सुधारलेलं नाव, आजचं मान्य नाव नाव देणाऱ्यासह, कुठल्या साइटवर कधी बघितलं, आणि शेवटी मराठी नाव. बघितल्याची तारीख लिहायला विसरू नका, मुंगसाच्या नावासारखी नावं अजूनही बदलतायत आणि पाच वर्षांनी कोणी तुमची नोंद तपासली तर त्याला कळलं पाहिजे.

आणि सगळं करूनही अ, ब, क मधलं कुठलं ते ठरत नसेल, प्रदेश कळत नसेल, वर्णन अपुरं असेल, तर मराठी नाव देऊच नका. इंग्रजी नाव देवनागरीत लिहा, तळटिपेत शक्य असलेल्या सगळ्या जाती द्या आणि कुठली जास्त शक्य वाटते ते कारणासकट लिहा.